इंग्लिशमध्ये बी.ए. आणि धंदा गेमचा!

“ताई, तुम्ही पेपरात लिहिता. तुमचं ती ऐकेल. तेवढं समजावून सांगा तिला...”

शेजारच्या वहिनी दारातूनच बोलत आत आल्या. हातातली भाजीची पिशवी अजून तशीच. मागोमाग त्यांची लेक, मान खाली घातलेली. बारावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. सायन्सला ६४ टक्के. वहिनींनी आणि भाऊजींनी मिळून बी.एस्सी. ठरवलेलं, जमलं तर पुढे बी.एड. मग नोकरी, मग लग्न. आणि पोरगी म्हणत होती, मला इंग्लिश घेऊन बी.ए. करायचंय.

“बी.ए. तर बी.ए., त्याचंही काही नाही,” वहिनी म्हणाल्या, “पण कशासाठी ते विचारा तिला!”

विचारलं.

“मावशी, मला गेम बनवायचेत. गेम डायरेक्टर व्हायचंय.”

खरं सांगते मैत्रिणींनो, मला हसू आलं होतं. ते कसंबसं आवरलं. वहिनींना मात्र हसू येत नव्हतं, आणि त्याला कारणही होतं. त्यांच्या दिरांचा मुलगा मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळायचा. पस्तीस हजार घालवून बसला, ते उसनवारीचे निघाले, घरात दोन महिने अबोला होता. त्यांच्या घरात ‘गेम’ या शब्दाला तो वास आहे. त्यात मुलगी म्हणते की मी तेच शिकणार!

“कोण बाई असलं काम करते ते तरी सांग,” मी म्हटलं. तिनं माझ्याच वाणसामानाच्या यादीच्या मागे एक नाव लिहून दिलं. एमी हेनिग. म्हणाली, “मावशी, हिनं इंग्लिशमध्येच बी.ए. केलंय.”

मग काय, वहिनींकडून चार दिवस मागून घेतले आणि मी या बाईच्या मागे लागले. मुलाखती वाचल्या, तिच्या गेमचे व्हिडिओ पाहिले, भाच्याला बसवून एक गेम खेळूनही पाहिला. (मी पहिल्याच कड्यावरून सात वेळा खाली पडले, ते सोडा.)

एमीचा जन्म १९६४ सालचा, अमेरिकेतला. ती बारा-तेरा वर्षांची असताना, म्हणजे १९७७ साली, तिकडे दोन गोष्टी एकदम आल्या. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा आणि टीव्हीला जोडून घरात खेळायचं ‘अटारी’ नावाचं गेमयंत्र. त्या यंत्रावरचे गेम आज पाहिले तर हसू येईल. चार चौकोन म्हणजे किल्ला, एक ठिपका म्हणजे राजपुत्र. बाकीचं सगळं खेळणाऱ्यानं मनात भरून घ्यायचं. आपण लहानपणी काठीचा घोडा करायचो, तसंच.

पण मोठी झाल्यावर ही मुलगी कॉम्प्युटर शिकायला गेली नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तिनं इंग्रजी साहित्यात पदवी घेतली. मग सिनेमा करायचा म्हणून सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत चित्रपटाच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला. डोक्यात सिनेमाच होता. गेम बनवणं हे एखाद्या मुलीनं ठरवून करायचं काम असतं, हे त्या काळी तिकडेही कुणाच्या गावी नव्हतं. त्याची कॉलेजं नव्हती, डिप्लोमे नव्हते.

शिकता शिकता तिला एक सुटं काम मिळालं. ‘इलेक्ट्रोकॉप’ नावाच्या गेमसाठी चित्रं काढून द्यायची. काम केलं, पण अटारीच्या ज्या यंत्रासाठी तो गेम होता त्यावर तो कधी बाजारात आलाच नाही. पहिलं काम, आणि तेच कपाटात! दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नको ही भानगड. हिचं उलटंच झालं. तिच्या लक्षात आलं की सिनेमाचे नियम आधीच्या लोकांनी ठरवून ठेवलेत, इथे मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. तिनं चित्रपटाचं शिक्षण अर्धवट सोडलं.

हे वाक्य मी वहिनींना सांगताना जरा पटकन पुढे सरकले, हे कबूल करते.

त्यानंतर तिनं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीत नोकरी धरली. हुद्दा कसला, तर चित्रकार आणि अ‍ॅनिमेटर. म्हणजे दुसऱ्यानं ठरवलेल्या गोष्टीतली माणसं हलती करायची. तिथलाही एक गेम मध्येच बंद पडला. मग बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनवर एक गेम निघाला. मूळ कल्पना अशी की इतर खेळाडूंना कुणीतरी पळवून नेलंय आणि हा त्यांना सोडवायला निघालाय. एमी तिथे चित्रंच काढत होती. अर्ध्या वाटेत गेमचा मुख्य डिझायनर नोकरी सोडून गेला, आणि वरिष्ठांनी ते काम हिच्याकडे दिलं. १९९४ साली तो गेम बाजारात आला.

आपल्याकडे लग्नात आचारी ऐन वेळी आला नाही की एखादी काकू पदर खोचून उभी राहते, आणि मग पुढची वीस वर्षं घरातल्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक तिच्याकडेच येतो. तसंच झालं म्हणा ना! पण एक आहे. काकूला आधीपासून सगळा स्वयंपाक येत असतो, म्हणूनच ती उभी राहू शकते. एमीला चित्र येत होतं, गोष्ट कळत होती आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हेही ती शिकलेली होती.

मिल्टन कामाला आला

आता मुळात गेमचा डायरेक्टर करतो काय? मला हे समजायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाटक-सिनेमात नायक दिग्दर्शकाच्या ताब्यात असतो. उजवीकडे जा म्हटलं की तो उजवीकडे जातो. गेममध्ये नायक परक्या माणसाच्या हातात. गोष्ट दाराआड वाट बघतेय आणि खेळणारा तिकडे जाईचना, तो विहिरीभोवती घिरट्या घालतोय! त्याला ‘दाराकडे जा’ असं ओरडून सांगितलं तर मजा गेली. मग काय करायचं? दारातून थोडा उजेड येऊ द्यायचा, तिथे एखादं फडकं वाऱ्यावर हलतं ठेवायचं, पायवाट तिकडे वळवायची. लग्नघरात पाहुण्यांना पंगतीकडे वळवताना आपण काय करतो? खुर्च्यांची तोंडं तिकडे करतो, पाण्याचे ग्लास तिकडे मांडतो, वास तर आपोआप जातोच. पाहुण्याला वाटतं, मी माझ्या मर्जीनं गेलो.

ही अशी हजार ठिकाणं. शिवाय चित्रकार वेगळे, प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे, संगीतवाले वेगळे, आवाज देणारे नट वेगळे. मोठ्या गेममागे शंभर-दोनशे माणसं सहज असतात. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट राहील हे बघणं म्हणजे डायरेक्शन. त्यातही गेम डायरेक्टर, क्रिएटिव्ह डायरेक्टर, आर्ट डायरेक्टर अशी पदं निरनिराळी असतात. आणि एक गोष्ट पक्की आहे. कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या कुणी हे होत नाही. एमीला पहिल्या चित्रापासून पहिल्या डायरेक्शनपर्यंत पोचायला दहा-एक वर्षं लागली.

तो गेम ‘सोल रीव्हर’. साल १९९९. कंपनी क्रिस्टल डायनॅमिक्स. डायरेक्शन, निर्मिती आणि लेखन, तिन्हीत ती होती. गोष्ट ऐका. रक्तपिपासूंचा एक राजा असतो, त्याचे काही सरदार. त्यातल्या एका सरदाराला पंख फुटतात. राजाला अजून फुटलेले नाहीत! शिष्य गुरूच्या पुढे गेला. राजा काय करतो, तर त्याचे पंख मोडतो आणि त्याला अथांग पाण्यात फेकून देतो. शेकडो वर्षांनी तो सरदार वर येतो, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही, आणि सूड घ्यायला निघतो.

ही कल्पना आली कुठून? मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’वरून. स्वर्गातून खाली लोटल्या गेलेल्या देवदूताचं महाकाव्य. इंग्लिश घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरींना ते नेमलेलं असतं आणि त्या गाइड वाचून पास होतात (मीही त्यातलीच). ‘याचा पुढे उपयोग काय?’ असं विचारून आपण ज्यावर फुली मारतो, तेच या बाईनं कामाला लावलं. शिवाय जुन्या ख्रिस्ती पंथांची तत्त्वचर्चाही तिनं त्यात आणली. त्या गेममध्ये जिवंतांचं जग आणि आत्म्यांचं जग अशी दोन जगं आहेत. एकातून दुसऱ्यात शिरलं की भिंती वाकतात, खांब पिळवटतात, बंद वाट मोकळी होते. हे त्या वेळच्या लहानशा यंत्रावर करून दाखवणं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नाकी नऊ आणणारं होतं.

वेळ पुरला नाही. ठरवलेला बराच भाग कापावा लागला, गोष्ट मधेच तुटल्यासारखी संपवून पुढच्या गेमवर ढकलावी लागली. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि पुढचे भाग २००१ आणि २००३ साली आले.

याक, फुटबॉल आणि नमस्कार

२००३ साली ती नॉटी डॉग या कंपनीत गेली. (नाव पाहा! ‘व्रात्य कुत्रा’ नावाच्या कंपनीत लेकीला नोकरी लागली तर आपण चार लोकांत सांगू का?) तिथे तिनं ‘अनचार्टेड’ ही मालिका उभी केली. २००७, २००९ आणि २०११ असे तीन गेम. खजिना शोधणारा एक उनाड, बोलका, सारखा धडपडणारा नायक. त्यावर २०२२ साली हॉलिवूडनं सिनेमाही काढला.

दुसऱ्या भागाचं बीज इतिहासातलं आहे. मार्को पोलो १२९२च्या सुमारास चीनहून परत निघाला तेव्हा बरोबर चौदा जहाजं आणि सहाशेच्या आसपास माणसं होती, पोचली अगदी थोडी. बाकीच्यांचं काय झालं, हे त्यानं नीटसं सांगितलेलं नाही. बस्स! एवढ्या फटीत तिनं अख्खी गोष्ट बसवली. तिसऱ्या भागात लॉरेन्स ऑफ अरेबिया आणि वाळवंटात गडप झालेलं शहर आहे. वाचनाची सवय असल्याशिवाय अशा फटी दिसत नाहीत.

मला स्वतःला त्या दुसऱ्या गेममधला एक तुकडा फार आवडला. सुरुवातीपासून मारामाऱ्या, गोळीबार, हिमकड्याला लटकलेली आगगाडी. बोटं दुखून येतात. मग नायक जखमी होऊन तिबेटमधल्या एका खेड्यात जागा होतो. तिथल्या माणसाची भाषा त्याला कळत नाही, आणि गंमत म्हणजे पडद्यावर खाली अर्थही लिहून येत नाही. म्हणजे आपल्यालाही कळत नाही! गावातून नुसतं चालायचं. पोरं फुटबॉल खेळतायत, याक उभा आहे, बायका आपल्या कामात. आणि ज्या बटनानं आतापर्यंत ठोसा मारला जायचा, ते बटन दाबलं तर नायक समोरच्याला हात करतो, हस्तांदोलन करतो, याकला थोपटतो.

माझा भाचा हा गेम आधी खेळलेला. तो म्हणाला, “आत्या, इथे मी मारायला गेलो होतो आणि त्यानं नमस्कारासारखं केलं. मलाच कसंतरी झालं.” सोळा वर्षांचा मुलगा हे बोलतो! एक शब्दही न लिहिता त्याला हे वाटायला लावलं. डायरेक्शन म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं.

त्याच गेममध्ये क्लोई नावाची एक साहसी बाई आहे. एमीनं कंपनी सोडल्यावर दुसऱ्यांनी २०१७ साली या क्लोईला नायिका करून वेगळा गेम काढला. ती अर्धी भारतीय, वडील इकडचे. गेम घडतो आपल्या पश्चिम घाटात, होयसळांच्या देवळांमधून, आणि ती शोधते काय, तर गणपतीचा सुळा! हे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा जरा पुढे सरकून बसल्या.

पुरस्कार म्हणाल तर पटकथालेखकांच्या अमेरिकी संघटनेनं दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या लेखनाला पारितोषिक दिलं. २०१६ साली ब्रिटनच्या बाफ्टानं खास सन्मान केला, आणि २०१९ साली गेम बनवणाऱ्यांच्याच मोठ्या मेळाव्यात तिला जीवनगौरव मिळाला. हे सगळं वहिनींच्या लेकीला पाठ होतं.

तिला पाठ नव्हतं ते पुढचं. ते मी मुद्दाम सांगितलं.

२०१६ साली एका मुलाखतीत एमी बोलली की नॉटी डॉगमधल्या साडेदहा वर्षांत आठवड्याला ८० तासांपेक्षा कमी काम तिनं बहुधा कधी केलंच नाही. हिशेब करा. रविवार धरून रोज साडेअकरा तास. एवढं देण्यासारखं हे आहे का, असा प्रश्न तिनं स्वतःच विचारला. २०१४ साली ती तिथून बाहेर पडली. मग ‘स्टार वॉर्स’वर गेम करायचं काम मिळालं. लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेला सिनेमा, आता त्यातली गोष्ट स्वतः सांगायची! साडेतीन वर्षं त्यावर खपली, आणि २०१७च्या ऑक्टोबरात कंपनीनं तो स्टुडिओच बंद केला. गेम कपाटात. पहिल्या कामाचं झालं होतं तेच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. २०१९ साली तिनं स्कायडान्स या चित्रपट कंपनीत गेमचा नवा विभाग उभा करायला घेतला. त्यांच्या एका नव्या गेमची घोषणाही झाली, दुसऱ्या महायुद्धातल्या पॅरिसची गोष्ट.

या धंद्यात नोकऱ्याही पक्क्या नाहीत. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं घरी बसवली. जिल्हा परिषदेची नोकरी नव्हे ही.

“म्हणजे ऐंशी तास राबायचं आणि वर हाकलून देणार?” वहिनी.

“आई, तू किती तास करतेस?” लेक.

वहिनी गप्प. मीही.

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर आणखी एका बाईचं सांगते. रॉबर्टा विल्यम्स. दोन लहान मुलांची आई, कॅलिफोर्नियातच राहणारी. १९७९च्या सुमारास नवऱ्यानं घरी आणलेल्या यंत्रावर तिनं नुसत्या शब्दांचा एक गुहेतला गेम खेळला आणि तिला वेडच लागलं. संपल्यावर वाटलं, आपणही असं का करू नये? स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तिनं एका भयाण वाड्याची गोष्ट आखली. नवऱ्यानं प्रोग्रॅम लिहिला, चित्रं हिनं काढली. १९८० साली ‘मिस्टरी हाउस’ आला. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून विकत होते! शब्दांच्या गेममध्ये चित्रं आली ती तिथून. पुढे नवरा-बायकोची मोठी कंपनी झाली, १९८४ साली ‘किंग्ज क्वेस्ट’ आला, आणि १९८८ साली त्याच मालिकेत हिनं राजाऐवजी राजकन्येला नायिका केलं. रॉबर्टाला प्रोग्रॅमिंगचं शिक्षण नव्हतं.

मग आता वहिनींच्या लेकीनं करायचं काय? मी काही करिअरवाली तज्ज्ञ नव्हे. पण चार दिवसांत जे कळलं ते सांगते.

पहिलं म्हणजे पैसे लावून खेळायचे पत्ते आणि हे गेम, दोन्ही एकच समजू नका. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून बंदीच आणली. गोष्टीचे, कोड्यांचे, साहसाचे गेम बनवणं त्यात येत नाही.

दुसरं, पुणं-मुंबई लांब नाही. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं २००८ साली पुण्यात स्टुडिओ घेतला. आणि पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या चमूनं ‘राजी’ केला. डोंबारखेळातली मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रांसारखे रंग, मधेमधे गोष्ट सांगायला बाहुल्यांच्या सावल्या. २०१७ साली त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर पैसे गोळा करायचा प्रयत्न केला, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी चिकटून राहिले. २०२० साली गेम आला आणि अमेरिकेतल्या मोठ्या पुरस्कारांत पहिल्या गेमसाठीच्या यादीत त्याचं नाव लागलं. संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार बाई आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर आयआयटी मुंबई घेते ती ‘युसीड’ परीक्षा कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्याला देता येते, आर्ट्सलासुद्धा. त्यातून डिझाइनच्या पदवीला जाता येतं. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी, आणि त्यांच्या बंगळूरच्या शाखेत पदवीनंतर डिजिटल गेम डिझाइन शिकवतात. २०२५ साली मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकारानं आयआयसीटी नावाची संस्थाही निघाली. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा.

आणि एक ऐका. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘गेमिंग डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असे फलक लागलेत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी अशा ठिकाणी दोन लाख भरले, मुलाला सहा महिने फोटो कापायला-चिकटवायला शिकवलं. फी भरण्याआधी मागच्या वर्षीच्या मुलांनी काय बनवलं ते बघायला मागा. दाखवायला नसेल तर पिशवी उचला आणि घरी या. शिकायची साधनं तर फुकट मिळतात. गोडो, ब्लेंडर, लहान मुलांसाठी स्क्रॅच, नुसत्या शब्दांचे गेम करायला ट्वाइन. हे कुणी पैसे मागून विकत असेल तर तो फसवतोय.

हे सगळं सांगून झालं तेव्हा लेक हळूच म्हणाली, “मावशी, मी एक केलाय. ट्वाइनमध्ये.”

मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर, रात्री. मराठीत. गोष्ट अशी की नवी सून घरात आलीय, आजेसासूची नथ हरवलीय, आणि पाहुणे यायच्या आत ती शोधायची. पडद्यावर चार ओळी येतात, खाली दोन-तीन पर्याय. माजघरात जा. माळ्यावर चढ. ट्रंक उघड.

“वहिनी, तुम्हीच खेळा,” मी म्हटलं. नको-नको करत चष्मा लावला. माजघर झालं, देवघर झालं. देवघरातला कोनाडा बघून पोरीला म्हणाल्या, “हा आपल्या जुन्या घरातला गं!” पोरगी बोलली नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग ट्रंक आली. दोनच पर्याय: ट्रंक उघड, नाहीतर परत फीर.

वहिनींचं बोट थांबलं.

“मी कशी उघडेन? सासूबाईंची ट्रंक आहे ती. आधी विचारायला नको? विचारायचं बटन कुठंय?”

“ते नाहीये, आई.”

“नाही म्हणजे? कुठली सून न विचारता ट्रंक उघडेल?”

पोरीनं वही ओढली आणि लिहून घेतलं. ‘सासूबाईंना विचार.’ मग डोकं वर करून म्हणाली, “आणि त्या नाही म्हणाल्या तर?”

वहिनी विचार करू लागल्या. भाजीची पिशवी माझ्याच ओट्यावर राहिली ती राहिलीच. दोन फॉर्म भरलेत सध्या, बी.एस्सी.चा आणि बी.ए.चा. भाऊजी अजून काही बोललेले नाहीत.